बाळांच्या त्वचेवरील मांसांकुर

मांसांकुर म्हणजे त्वचेवर उगवलेली, मऊ, बहुधा कातडीच्याच रंगाची, बारीक देठाने लोंबणारी किंवा रुंद बुडाची लहानशी वाढ. डॉक्टरांच्या व्यवहारात तिला 'स्किन टॅग' म्हणतात. बोलीत मस किंवा चामखीळ असे म्हटले जाते. प्रौढांमध्ये, विशेषतः मान, काख व जांघ येथे, अशा वाढी अतिशय सामान्य आणि निरुपद्रवी असतात. बाळांमध्ये आणि लहान मुलांमध्ये मात्र प्रौढांसारखे मांसांकुर क्वचितच होतात. बाळाच्या अंगावर जे मांसांकुर म्हणून दिसते ते पुष्कळदा जन्मजात असते आणि त्याचा अर्थ ते शरीरावर कोठे आहे यावर ठरतो. कानापुढचा मांसांकुर श्रवणाची तपासणी मागतो, पाठीच्या कण्यावरचा मज्जारज्जूची, तर गुदद्वारापाशी असलेला पुष्कळदा बद्धकोष्ठावरच्या उपचाराची. म्हणून अशी वाढ प्रथम डॉक्टरांना दाखवावी आणि तोवर तिला दोरा, केस, चुना किंवा चीक यांपैकी काहीही लावू नये.

नावे

मराठीत या बाबतीत शब्दांचा घोळ बराच आहे. सपाट काळ्या ठिपक्याला तीळ, उंचावलेल्या तिळाला मस, खरखरीत विषाणुजन्य वाढीला चामखीळ आणि पायाच्या तळव्यावरील घट्ट्याला भोवरी असा भेद जाणती माणसे करतात. पण रोजच्या बोलण्यात मस आणि चामखीळ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. 'चामखीळ' हा शब्द संस्कृत 'चर्मकील' यावरून आला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, अध्यायातच चर्मकीलाचे वर्णन येते. त्वचेबाहेर खिळ्यासारखे स्थिर उभे राहणारे अंकुर अशी ती कल्पना आहे. त्याच संहितेत क्षुद्ररोगांच्या अध्यायात 'मषक' आणि 'तिलकालक' ही नावे आढळतात व त्यांत आजच्या मस आणि तीळ यांचे पूर्वज सहज ओळखू येतात. 'मांसांकुर' हा शब्दही जुन्या वैद्यकातला असून दिसणाऱ्या वस्तूचे वर्णन करतो, कारणाविषयी काही गृहीत धरीत नाही. या लेखात तो वापरण्याचे कारण हेच आहे.

शब्दांच्या या सरमिसळीचा व्यवहारात तोटा होतो. 'चामखीळ आहे' असे म्हटले की घरातील मंडळी चामखिळीवरचा उपाय शोधू लागतात आणि कूर्चा, मज्जातंतू किंवा क्वचित मज्जारज्जूशी जोडलेली ऊती असलेल्या वाढीवर तो केला जातो.

कानापुढील मांसांकुर

बाळांमध्ये सर्वांत अधिक दिसणारा प्रकार हाच होय. कानाच्या भोकापुढे जो लहानसा टणक उंचवटा प्रत्येकाला असतो, त्याच्या आसपास किंवा तेथून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या रेषेवर तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढा मांसांकुर आढळतो. बहुधा तो एकाच बाजूला व एकच असतो; काही बाळांना दोन-तीन असतात, काहींना दोन्ही बाजूंना. हलक्या हाताने चाचपले तर पुष्कळदा आत टणक गाभा लागतो. तो कूर्चेचा असतो आणि पृष्ठभागावर बारीक लव दिसते. म्हणजे ही वाढ नुसती कातडी नसून कानाचाच उरलेला एक तुकडा आहे.

याचे कारण गर्भाच्या घडणीत आहे. गर्भधारणेनंतर साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात कानाची पाळी घडू लागते. गर्भाच्या मानेच्या भागात ज्या कमानी असतात, त्यांपैकी पहिलीवर तीन आणि दुसरीवर तीन असे सहा उंचवटे उगवतात. स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन केले, म्हणून ते आजही हिस यांच्या नावाने ओळखले जातात. हे सहा उंचवटे एकमेकांत मिसळून बाहेरचा कान तयार होतो आणि जबडा वाढत जातो तसा तो खालून वर आपल्या जागी येतो. या जुळणीत एखादा उंचवटा जादा निर्माण झाला किंवा त्याचा अंश वाटेत मागे राहिला, तर त्याचा मांसांकुर होतो. ज्या काळात हे घडते त्या काळात पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची नुकतीच जाणीव होत असते. ग्रहणात आईने भाजी चिरली, सुई-दोरा हाती घेतला म्हणून बाळाच्या कानाला व्यंग आले, असा समज महाराष्ट्रात खोलवर रुजलेला आहे. त्याला कोणताही आधार नाही. सुनेने ग्रहण पाळले नाही हे वाक्य कित्येक घरांत वर्षानुवर्षे ऐकवले जाते, म्हणून ही गोष्ट येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

बहुसंख्य बाळांत हा मांसांकुर एकटाच असतो आणि बाळ सर्व दृष्टींनी निरोगी असते. तरीही बाहेरचा कान आणि मध्यकर्णातील हाडे यांची घडण याच कमानींतून होत असल्यामुळे अशा बाळांमध्ये श्रवणदोषाचे प्रमाण इतर बाळांपेक्षा अधिक आढळते. प्रत्येक बाळाची श्रवणचाचणी व्हावी हे इष्टच आहे. ती जेथे सरसकट होत नाही तेथे कानापुढील मांसांकुर हे चाचणी मागून घेण्याचे पुरेसे कारण आहे. 'ताट पडले की बाळ दचकते, म्हणजे ऐकू येते' ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही. एका कानाने मुळीच ऐकू येत नसले तरी बाळ दुसऱ्या कानाने ऐकून दचकते आणि मध्यम प्रतीचा दोष असला तरी मोठा आवाज पोहोचतोच.

खरी चाचणी सोपी व वेदनारहित असते. ओएई या चाचणीत कानात मऊ टोकाची लहान नळी ठेवून बारीक आवाज सोडतात व आंतरकर्णातून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी यंत्र नोंदवते. बेरा या चाचणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला लहान पट्ट्या चिकटवून आवाजाला मज्जामार्ग कसा प्रतिसाद देतो ते पाहतात. पहिली चाचणी एक महिन्याच्या आत, दोष वाटल्यास निश्चित निदान तीन महिन्यांच्या आत आणि श्रवणयंत्रादी उपाय सहा महिन्यांच्या आत, असा क्रम जगभर मानला जातो, कारण भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या वर्षातच वेगाने होत असते. शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवली जाणारी काही मुले प्रत्यक्षात एका कानाने ऐकत असतात. त्यांचा दोष पाळण्यातच कळू शकला असता.

कान आणि मूत्रपिंड यांची व्यंगे काही वेळा एकत्र आढळतात, म्हणून पूर्वी अशा प्रत्येक बाळाच्या पोटाची सोनोग्राफी करण्याकडे कल असे. आज, मांसांकुर एकटाच असेल तर तिची सरसकट गरज मानली जात नाही. शरीरात दुसरे एखादे व्यंग दिसत असेल, घराण्यात बहिरेपणा असेल किंवा आईला गरोदरपणी मधुमेह असेल, तर मात्र ती करवून घेतात.

थोड्या बाळांमध्ये मांसांकुर हा एखाद्या मोठ्या लक्षणसमूहाचा दर्शनी भाग असतो. मॉरिस गोल्डनहार यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या लक्षणसमूहात कानापुढील मांसांकुरांबरोबर चेहऱ्याची एक बाजू लहान असणे, डोळ्याच्या बुबुळाच्या कडेवर पांढुरकी गाठ आणि मानेच्या मणक्यांचे दोष आढळतात. कानाची पाळी लहान वा वाकडी असणे, जबडा आत असणे, टाळू दुभंगलेला असणे, गुदद्वाराची रचना वेगळी असणे यांपैकी काही सोबत दिसले तर बाळाची सर्वांगीण तपासणी लागते.

कानापुढे सुईच्या टोकाएवढे छिद्र असणे ही वेगळी, पण याच घडणीतून आलेली गोष्ट आहे. असे छिद्र बहुधा त्रास देत नाही. ते दाबून पिळल्यास मात्र जंतुसंसर्ग होऊन गळू होते. कान टोचताना सोनाराने मांसांकुर टोचू नये किंवा छिद्र कोरू नये, एवढे पालकांनी आधीच सांगावे.

मानेवरील मांसांकुर

मानेच्या खालच्या भागात, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरप्या जाणाऱ्या स्नायूच्या पुढच्या कडेला, क्वचित एखाद्या बाळास कूर्चायुक्त लोंबता मांसांकुर असतो. शेळीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या निरुपयोगी लोळ्यांसारखा तो दिसतो. त्या लोळ्यांना संस्कृतात अजागलस्तन म्हणतात आणि निरर्थक गोष्टीसाठी मराठी लेखक अजागलस्तनाचा दृष्टान्त देतात, हे वाचकांना आठवेल. बाळाच्या बाबतीत तो निरर्थक असला तरी शस्त्रक्रियेपूर्वी तो किती खोल गेला आहे हे पाहावे लागते.

करंगळीलगतचे बोंड

हाताच्या करंगळीच्या बाहेरच्या कडेला बारीक देठावर लोंबणारे लहानसे बोंड असते. कधी त्याला चिमुकले नखही असते. हे अपूर्ण राहिलेले सहावे बोट होय. सहावे बोट भाग्याचे, असा समज असल्यामुळे काही घरांत त्याला हात लावत नाहीत. काही घरांत उलट सुईण किंवा अंघोळ घालणारी बाई पहिल्याच आठवड्यात त्याला घट्ट दोरा बांधून टाकते. दोरा बांधून ते वाळवून पाडण्याची रीत जगभर होती व अनेक रुग्णालयांतही होती. तिच्यावरील आक्षेप असा, की या देठात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही असतात. दोरा सैल बसला तर बोंड सुजून सडते व रक्तस्राव किंवा संसर्ग होऊ शकतो. घट्ट बसला तरी बुंध्यात उरलेल्या मज्जातंतूच्या टोकाची गाठ होते आणि मूल मोठे झाल्यावर, हात टेकताना किंवा लिहिताना, तेथे कळ येते. जागा बधिर करून बोंड मुळासकट काढणे हे लहानसे काम असते व त्यात मज्जातंतू खोलवर छेदता येतो. देठात हाड असेल किंवा बोट जास्त पूर्ण असेल तर क्ष-किरण चित्र काढून हाताच्या शल्यतज्ज्ञाने निर्णय घ्यावा.

मध्यरेषेवरील मांसांकुर

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा इशारा या प्रकाराविषयी आहे. पाठीच्या कण्यावर, विशेषतः कमरेच्या खालच्या भागात, अगदी मध्यरेषेवर असलेला मांसांकुर किंवा शेपटीसारखी वाढ कधीही कापू वा बांधू नये. गर्भात त्वचा आणि मज्जासंस्था एकाच थरातून तयार होतात व पाठीवरची मज्जानलिका साधारण चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मिटते. ते मिटणे अपुरे राहिले असेल तर वरची कातडी पूर्ण असूनही आत मज्जारज्जू खाली अडकलेला असू शकतो आणि वर दिसणारा मांसांकुर, केसांचा पुंजका, मऊ चरबीची गाठ किंवा खोल खळगा ही त्याची एकमेव बाहेरची खूण असते. आरंभी मूल ठणठणीत असते. पुढे वाढीच्या वयात रज्जूवर ताण येऊन पायात अशक्तपणा, पाऊल वाकडे होणे, लघवीवरचा ताबा सुटणे अशी लक्षणे उद्भवतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणके पुरते टणक झालेले नसतात, तोवर सोनोग्राफीने मज्जारज्जू पाहता येतो. त्यानंतर एमआरआय करावा लागतो.

भारतीय बाळांच्या पाठीवर व कुल्ल्यांवर सर्रास दिसणारे निळसर सपाट डाग यात मोडत नाहीत; ते निरुपद्रवी असून वयानुसार फिके पडतात. माकडहाडाजवळचा उथळ, तळ दिसणारा लहान खळगाही बहुधा चिंतेचा नसतो. नाकाच्या मध्यरेषेवरील गाठीला किंवा मांसांकुराला मात्र पाठीचाच नियम लागू होतो. त्याचा मेंदूच्या आवरणाशी संबंध असू शकतो, म्हणून प्रतिमाचित्रणाआधी त्यात सुईसुद्धा घालत नाहीत.

गुदद्वार, जननेंद्रिय व बेंबी

लहान मुलींमध्ये गुदद्वाराच्या लगेच पुढे, मध्यरेषेवर, गुळगुळीत गुलाबी त्रिकोणी उंचवटा दिसतो. कुंथावे लागणे हे त्याचे नेहमीचे निमित्त असते. बद्धकोष्ठ दूर झाले, की काही महिन्यांत तो हळूहळू ओसरतो व शस्त्रक्रिया लागत नाही. गुदद्वारास चीर पडून बरी झाल्यावर तिच्या टोकाशीही एक मांसांकुर राहतो. लोक या दोहोंना 'मोड' म्हणतात आणि मूळव्याधीची औषधे आणतात. वस्तुतः लहान मुलांत मूळव्याध फारच विरळ आहे. अशा उंचवट्यांवरून मुलावर अत्याचार झाल्याचा संशय चुकीने घेतला गेल्याचीही उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत, म्हणून हा प्रकार ओळखता येणे डॉक्टरांइतकेच इतरांच्याही उपयोगाचे आहे. जरा मोठ्या मुलात गुदद्वाराभोवती मोठे, सुजलेले मांसांकुर असून सोबत पोटदुखी, जुलाब, वजन न वाढणे असे असेल, तर आतड्याच्या क्रोन या विकाराचा विचार करावा लागतो.

नवजात मुलींच्या योनिपटलाशी दिसणारा मऊ मांसांकुर आईच्या संप्रेरकांच्या प्रभावामुळे असतो व बहुधा काही आठवड्यांत आपोआप आक्रसतो.

नाळ पडल्यावर बेंबीत राहणारा ओलसर गुलाबी कोंब हा खरा मांसांकुर नसून जखम भरताना झालेली अतिरिक्त वाढ असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्वयंपाकाचे मीठ लावून किंवा सिल्व्हर नायट्रेटचा हलका स्पर्श करून ती सुकवतात. तरीही ती सुकली नाही, लालभडक राहिली किंवा तेथून लघवी अथवा विष्ठेसारखा स्राव येऊ लागला, तर मूत्राशयाशी किंवा आतड्याशी असलेला गर्भकालीन दुवा उरला आहे असे समजून बालशल्यतज्ज्ञाकडे जावे.

नंतर उगवणारे व तत्सम दिसणारे

एक ते दहा वर्षांच्या मुलांत मोत्यासारखे चकचकीत, मध्ये खळगी असलेले पुटकुळ्यांचे पुंजके दिसतात. हा मोलस्कम नावाचा विषाणुजन्य रोग असून तो टॉवेल, अंघोळीचे पाणी व खेळताना होणारा स्पर्श यांतून पसरतो. बहुतेक मुलांत तो सहा महिने ते दीड वर्षात आपण होऊन जातो. खरी चामखीळ खरखरीत असते व तीही विषाणूमुळेच होते. थोड्याशा धक्क्याने भळभळा रक्त येणारी लाल गाठ ही रक्तवाहिन्यांची वाढ असते. काखेपासून जांघेपर्यंतच्या रेषेवर असलेला तपकिरी 'मस' हे पुष्कळदा अतिरिक्त स्तनाग्र असते.

लहान वयात मान, पापण्या, काख येथे एकामागून एक खऱ्या मांसांकुरांसारख्या वाढी येऊ लागल्या, तर त्यांतील एकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे शहाणपणाचे ठरते. रॉबर्ट गॉर्लिन व रॉबर्ट गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक विकारात लहानपणी अशा वाढी दिसतात आणि प्रत्यक्षात त्या त्वचेच्या कर्करोगाच्या एका प्रकारातल्या असतात. याच विकारात जबड्यात पुटी होतात व काही बालकांना मेंदूची गाठ होते. हा विकार विरळ आहे. परंतु केवळ मांसांकुरांवरून तो लवकर ओळखला गेल्याची नोंद आहे.

याउलट, दहा-बारा वर्षांपुढच्या स्थूल मुलाच्या मानेवर काळपट, मखमलीसारखी जाड कातडी आणि तिच्यावर मांसांकुर हे दृश्य आता शहरांत व गावांतही नवे राहिलेले नाही. मान घासून हा रंग जात नाही, कारण तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याची ती खूण असते. अशा मुलास साबणापेक्षा वजन, रक्तदाब व रक्तशर्करा यांच्या तपासणीची गरज असते.

घरगुती उपाय

घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे हा महाराष्ट्रातील सर्वपरिचित उपाय. त्याखेरीज चुना व धुण्याचा सोडा यांचा लेप, बिब्ब्याचे तेल, रुईचा चीक, पेटत्या उदबत्तीचा चटका आणि दुकानांत मिळणारी चामखिळीची आम्लयुक्त औषधेही वापरली जातात. प्रौढाच्या मानेवरील बारीक मस केस बांधल्याने गळून पडतो, हे खरे आहे, आणि या उपायाची कीर्ती त्या अनुभवावरच उभी आहे. बाळाच्या बाबतीत तो अनुभव लागू पडत नाही. कानापुढच्या मांसांकुरातील कूर्चा केसाने कापली जात नाही; वरची कातडी मरते आणि उघडी पडलेली कूर्चा संसर्ग धरते. चुन्याने व बिब्ब्याने बाळाची पातळ त्वचा भाजते, बिब्ब्याचे फोड तर दूरवर पसरतात. रुईचा चीक चुकून डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. घोड्याच्या केसाबरोबर लिदीच्या संपर्कातले धनुर्वाताचे जंतूही येऊ शकतात.

तपासणी व उपचार

अंघोळ घालणाऱ्या बाईला किंवा आजीला अशी वाढ बहुधा प्रथम दिसते. आशा कार्यकर्ती घरभेटीस आली असता किंवा लसीकरणाच्या वेळी ती दाखवता येते. केंद्र शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांसाठी विनामूल्य तपासणी होते. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे पाठवले जाते. जन्मजात बहिरेपणा व मज्जानलिकेचे दोष या दोहोंचा त्यात समावेश आहे. श्रवणदोषाच्या निदानासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे.

निरुपद्रवी ठरलेला मांसांकुर काढलाच पाहिजे असे नाही. त्यातून कर्करोग होत नाही, तो दुखत नाही आणि मुलाबरोबर थोडासाच वाढतो. काढायचा ठरल्यास बारीक देठाचे काही मांसांकुर तान्हेपणीच जागा बधिर करून काढता येतात. कूर्चा असलेल्यांसाठी पूर्ण भूल लागते, म्हणून मूल थोडे मोठे होईपर्यंत थांबतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालील बालकांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ भूल देण्याबाबत सावधगिरीची सूचना दिली होती. कानापुढची शस्त्रक्रिया त्याहून पुष्कळ लहान असते, परंतु तिची घाईही नसते. शाळेत जाण्यापूर्वी ती उरकावी असे अनेक पालकांना वाटते, कारण चिडवणे बालवाडीपासून सुरू होते. काही मुलांना मात्र आपल्या कानापुढचा दाणा प्रिय असतो. कळत्या वयाच्या मुलाला विचारूनच निर्णय घ्यावा.

शस्त्रक्रियेत कातडीबरोबर कूर्चेचा गाभाही काढतात, नाहीतर तेथे टणक उंचवटा राहतो. याच भागातून चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू जात असल्याने खोल गेलेली कूर्चा काढण्याचे काम अनुभवी शल्यतज्ज्ञाकडेच असावे. घराण्यात व्रण फुगून जाड होण्याची प्रवृत्ती असेल तर ती आधी सांगावी. काढलेला तुकडा टाकून न देता सूक्ष्मदर्शकीय तपासणीस पाठवला जातो आणि त्याचा अहवाल मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवावा.